आतून कडी नसलेलं दार

माझ्या डाव्या भुवईत एक आडवी रेघ आहे, तिथे केस उगवत नाहीत. पार्लरमधल्या मुली हमखास विचारतात, "मॅडम, लहानपणी पडला होतात का?" मी सांगते, नाही, एका माणसाने मुठीत कुलूप धरून मारलं होतं, चांगलं सात लिव्हरचं पितळी कुलूप. त्या हसतात. त्यांना वाटतं बाई विनोदी आहे. बाई विनोदी आहेच, पण हे खरं आहे.

नव्वदच्या आसपास आम्ही गिरगावातली खोली सोडून नवीन पनवेलला फ्लॅट घेतला. मी, नवरा आणि सासूबाई. मागच्या गॅलरीतून थेट सुकापूरपर्यंत भातखाचरं दिसायची आणि वारा फिरला की तळोज्याच्या कारखान्यांचा उग्र वास घरात शिरायचा. गिरगावात आमचं दार सकाळी उघडलं की निजायच्या वेळेलाच बंद व्हायचं. इथे आलो आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बिल्डिंगमधून भरदुपारी टीव्ही गेला. पुरुषमंडळी सकाळी मुंबईला गेली की उरायच्या बायका आणि म्हातारी माणसं, आणि हे चोरांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. खांदा कॉलनीत एका बाईला चोरांनी मारलं, तिचे कान फाटले, अशी बातमी आली. खरी की खोटी कोण जाणे. पण तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, दार.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर तीन दारं होती. एक फ्लॅट विकला गेला नव्हता. दुसरा आमचा. समोरच्या तिसऱ्यात एक जोडपं राहायचं. तो तळोज्याला एका केमिकलच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि त्याला कुलपांचा नाद होता. नाद म्हणजे इतका, की आम्ही त्याचं नाव 'कुलूपवाले' ठेवलं होतं. तेव्हा अहोजाहो करायचो. कोणाकडे नवीन दार बसवायचं म्हटलं की कुलूपवाले पेटी घेऊन हजर. चौकटीवर बोटाने टकटक करून सांगायचे, "लाकूड कच्चं आहे वहिनी. कुलूप कितीही भारी घ्या, कोयंडा लाकडात असतो. चोर कुलूप फोडत नाही, कोयंडा उपटतो."

आमचं दार त्यांनी स्वतः बसवून दिलं. चहाशिवाय काही घेतलं नाही. चौकटीला आतून लोखंडी पट्टी मारली, चार इंची स्क्रू घातले, वर-खाली दोन बोल्ट आणि मधे भिंतीत घुसणारा लोखंडी अडसर. बिजागऱ्यांच्या बाजूलाही दोन जाड खुंट्या बसवल्या. म्हणाले, "हुशार चोर या बाजूने येतो." दाराला भिंगाचा डोळा लावला आणि मला त्यातून बघायला लावलं. समोर त्यांचं दार दिसायचं, फुगीर, जवळ आल्यासारखं. सासूबाई त्यांच्यावर खूश होत्या. नंतर मला म्हणाल्या, "माणूस भला आहे. पण डोळे चोराचे आहेत."

समोरची बायको आम्हाला बरेच दिवस दिसलीच नाही. दिसायचं ते कुलूप. कुलूपवाले शिफ्टला निघाले की बाहेरून कडी घालून ते पितळी कुलूप लावायचे, दोनदा ओढून बघायचे आणि जिना उतरायचे. आम्हाला वाटायचं बाई माहेरी गेली असेल. मग एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते, तर दोन्ही स्वयंपाकघरांमधल्या डक्टच्या पलीकडल्या खिडकीतून आवाज आला, "काय रांदलाव तुमी? वास येतोय."

मी चाकू टाकून खिडकीशी गेले. जाळीमागे एक पोरगेलासा चेहरा, कपाळावर मोठं कुंकू. मी म्हटलं, "अगं, तू घरात? बाहेर तर कुलूप आहे."

"मी घरानच असते," ती म्हणाली. "कुलूप चोरांसाटी हाय."

तिच्या नवऱ्याचा हिशोब असा होता. बाहेर कुलूप दिसलं की चोराला कळत नाही आत एकटी बाई आहे, म्हणून बाई सुरक्षित. बाहेर कुलूप म्हणजे आत कोणी नाही, आणि चोराला तेच हवं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. सासूबाईंनी त्याला एकदा जिन्यात गाठून हे सांगितलं. तो हसला, म्हणाला, "काकू, तुमचं बरोबर आहे, बघतो." त्या संध्याकाळी जिन्यामागच्या आमच्या सामाईक भिंतीवर काहीतरी आदळायला लागलं. आधी वाटलं खिळा ठोकतोय. मग आमचं घड्याळ हललं आणि तिचा आवाज आला, तोंडात कापड कोंबल्यासारखा. सकाळी खिडकीत आली तेव्हा एक डोळा मिटलेला होता. म्हणाली, "काकू, त्याला काय सांगू नका. तुमी सांगता, मी खाते." तेव्हापासून आम्ही त्याच्याशी बोलणं सोडलं आणि तिच्याशी धरलं. डक्टवरून झाडूच्या दांड्याला पिशवी अडकवून वाटी जायची, वाटी यायची.

ती उरणकडल्या एका कोळीवाड्यातली. आई बाजारात मासळी विकायची, दोघे भाऊ होडीवर जायचे. लग्नाआधी ही आईबरोबर बसायची बाजारात आणि सुरमईचे तुकडे असे सपासप करायची की गिऱ्हाइकं बघत उभी राहायची, असं तीच सांगायची. तोही मूळचा त्याच बाजूचा. पण शिकला, कारखान्यात लागला आणि त्याला माशांची लाज वाटायला लागली. एकदा तिची आई टोपली घेऊन आली होती. दाराला कुलूप. बिचारी जिन्यावर बसून बंद दाराशी बोलली. मी भिंगातून बघत होते. आत लेक म्हणत होती, "मी बरी हाय गं आये, तू जा." धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सोडून मोठी परत आली तर धाकटीचं मोडेल, म्हणून ही बरी होती. आई दाराशी ठेवून गेलेले बोंबील नवऱ्याने त्या संध्याकाळी डक्टमध्ये फेकले. आठवडाभर वास येत होता, आणि त्या वासाने ती खिडकीत उभी राहून रडायची.

एक दिवस मी तिला म्हटलं, "तो जरा बाहेर भाजी आणायला गेला की आतून कडी घालून घे ना. उघडूच नको."

ती म्हणाली, "आतून कडी हाय कुटं? त्याने काडून टाकली. म्हनतो, मलाच बाईर ठेवशील."

साऱ्या बिल्डिंगला अडसर आणि चार इंची स्क्रू वाटत फिरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दाराला आतून साधी कडी नव्हती. चौकटीला पट्टी नव्हती. होता तो बाहेरचा कोयंडा आणि त्यातलं कुलूप. त्याला जी भीती होती ती आतून बाहेर येणाऱ्या माणसाची होती. बाहेरून येणाऱ्यासाठी त्याने काही केलंच नव्हतं. हे माझ्या डोक्यात असं लख्ख शिरलं आणि मला इतका संताप आला की मी हातातली वाटी आपटली.

धाकटीचं लग्न झालं. त्यानंतर महिनाभरात ती दुपार आली.

मी शिक्षिका, माझी सकाळची शाळा. एकला घरी येऊन जेवून आडवी झाले होते. सासूबाई पुढच्या गॅलरीत गहू निवडत होत्या. जिन्यात पावलं वाजली, आणि आमच्या दाराशी अगदी हळू, कडी सरकल्याचा आवाज झाला. मी उठून भिंगाला डोळा लावला. तिघे जण होते. एकाच्या हातात पहार. त्याने ती समोरच्या कोयंड्यात घातली आणि अंगाचा भार टाकला. एकच कचका. मी ओरडायला तोंड उघडावं इतकाही वेळ लागला नाही. कोयंडा मुळापासून लाकडासकट उखडून आला आणि कुलूप, बंदच्या बंद, खाली घरंगळलं. तिघे आत गेले.

मी आमचे बोल्ट सोडले, अडसर काढला, दार ओढलं. दार हलेना. चोरांनी आमची बाहेरची कडी घातली होती. समोरच्याने इतकं सगळं बसवून दिलं, बाहेरची कडी मात्र काढली नव्हती, उलट तीही तशीच घट्ट बसवली होती. मी दारावर लाथा मारल्या. सासूबाईंनी गॅलरीतून आरडाओरडा सुरू केला, "चोर, चोर." खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी स्वयंपाकघरात धावले, डक्टच्या खिडकीशी.

आतून एक जण हिंदीत म्हणाला, "अरे, अंदर औरत है." त्याच्या आवाजात आश्चर्य होतं, चोराचंही बरोबरच होतं. मग चपराक. भांड्यांची मांडणी खाली आल्याचा आवाज. ती ओरडली नाही. दुसरा म्हणत होता, "चाबी दे, कपाट की चाबी." पुन्हा मारल्याचा आवाज, ओल्या कपड्यावर धोपटणं मारतात तसा. मी जाळी हातांनी हलवत शिव्या देत होते, शाळेतल्या मुलांनी ऐकल्या असत्या तर माझी नोकरी गेली असती. तेवढ्यात मला तिचे पाय दिसले. ती ओट्याखाली सरपटत आली होती. ओट्याखाली तांदळाच्या डब्यामागे तिच्या आईने लग्नात दिलेला मासे कापायचा कोयता होता. नवऱ्याने मासे बंद केले होते, कोयता त्याला माहीत नव्हता. मला माहीत होता.

पुढचं मला खिडकीतून अर्धंच दिसलं आणि तेवढंही पुरे झालं. एका माणसाचा हात तिचे केस धरायला ओट्याखाली गेला. कोयता वर गेला आणि खाली आला, एकदाच, ओट्याच्या कडेवर. असा आवाज मी बाजारात अनेकदा ऐकला होता. त्या माणसाची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. दोन बोटं जमिनीवर पडली. ती ओट्याखालून बाहेर आली तेव्हा तिचं कपाळ फुटलेलं होतं, तोंडातून रक्त येत होतं आणि डावं मनगट वाकडं लोंबत होतं. ती उजव्या हाताने कोयता फिरवत पुढे गेली. ते तिघे जे पळाले ते जिन्यात एकमेकांवर पडत पळाले. सासूबाईंनी गॅलरीतून खलबत्त्यातला बत्ता नेम धरून फेकला. तो चोराला लागला नाही, तळमजल्यावरच्यांच्या स्कूटरला लागला.

मी दाराकडे धावले. भिंगातून तिचा चेहरा जवळ येताना दिसला, फुगीर, लाल. मग आमच्या दाराची कडी सरकली. ती बाहेरून आमची कडी काढत होती.

दार उघडलं. ती उंबऱ्याबाहेर उभी होती, हातात कोयता. मी तिला पहिल्यांदाच पुरी बघत होते, पायापासून डोक्यापर्यंत. ती माझ्याहून उंच होती, हे मला माहीतच नव्हतं.

"तुमाला लागला काय?" तिने विचारलं.

वाण्याच्या दुकानातून कारखान्यात फोन केला. पोलीस आले, पंचनामा झाला, डॉक्टरांनी मनगटाला प्लास्टर घातलं. संध्याकाळी तो आला. मी दारात उभी होते. बायको आमच्याकडे सतरंजीवर पडली होती, तिच्याकडे त्याने पाहिलं नाही. जिन्यातलं कुलूप उचललं, किल्लीने उघडलं, पुन्हा लावलं, ओढून बघितलं. म्हणाला, "बघा वहिनी, कुलूप शाबूत आहे. तुटलं ते लाकूड." आणि खरंच त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

मग तिला घरी नेलं. मोडकं दार टेबल लावून बंद केलं. थोड्या वेळाने भिंतीवरचं घड्याळ हलायला लागलं. "किती वेळ होते आत? तिघे किती वेळ होते?" हे त्याचं मला अक्षरन् अक्षर ऐकू आलं. माझा नवरा उठून गेला, टेबल ढकलून आत शिरला आणि त्याला धरून बाहेर आणलं. तो लगेच शांत झाला, माफी मागितली, म्हणाला, डोकं ठिकाणावर नाही. प्लास्टर घातलेल्या हातावर त्याने पट्टा मारला होता.

दुसऱ्या दिवशी त्याची सकाळची शिफ्ट. मी रजा टाकली होती. नवरा ऑफिसला जायला निघालेला, आणि हा तिला दंडाला धरून आमच्या दारात घेऊन आला. सासूबाईंना म्हणाला, "काकू, दुपारी सुतार येतोय, मी अर्धी शिफ्ट टाकून येतो. तोवर हिला तुमच्याकडे ठेवा. दार उघडं पडलंय, तिकडे ठेवता येत नाही. बाहेर सोडू नका. तुमचं दार मी बसवलंय, मला काळजी नाही."

त्याने आमच्या घराचं कुलूप करून टाकलं होतं. मी काहीतरी बोलणार होते, पण सासूबाईंनी माझा हात दाबला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ठेवून जा हो. कुठे जातेय ती."

तो जिना उतरला. सासूबाईंनी गॅलरीतून त्याला कारखान्याच्या बसमध्ये चढताना बघितलं. आत आल्या, तिच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "जायचंय का?"

तिने चहा प्यायला. "जायचाय," म्हणाली.

रिक्षाने मी तिला जुन्या पनवेलच्या स्टँडवर नेलं. माझी साडी, डोक्यावरून पदर, प्लास्टर पदराखाली. कोयता तिने पिशवीत घेतला होता. रिक्षात तिने मला नीट समजावलं. "आय दिवसा बाजारान असंल. भाव होडीवर गेलेत, सांजला येतील. तोवर घरान कोन नाय. त्याला सांजपतुर कलू देव नका. तो स्कूटर घेऊन यील. भाव आले की मग येव दे त्याला." एवढंच आमचं काम होतं. भाऊ घरी येईपर्यंत त्याला पनवेलमध्ये धरून ठेवायचं. उरणची एसटी लागली होती पण ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. मी तिला खिडकीजवळ बसवलं आणि परत फिरले, कारण सासूबाई एकट्या होत्या.

मी घरात शिरून अडसर घालते तोच, दुपार व्हायच्या आतच, सुताराचा आणि त्याचा आवाज आला. ठाकठोक सुरू झाली. एसटी सुटली असेल की नसेल, हेच माझ्या डोक्यात. दार बसवून झालं आणि बेल वाजली.

"झालं काकू. पाठवा तिला."

"अरे, आत्ता कुठे डोळा लागलाय," सासूबाई दार न उघडता म्हणाल्या. "अंग तापलंय तिचं. उठली की पाठवते."

तो गेला. थोड्या वेळाने परत आला. सासूबाईंनी मला खुणेने कप मांडायला लावले, तीन कप, बशांसकट वाजवत. मोठ्याने म्हणाल्या, "ऊठ गं, घोटभर घे. बरं नको तर नको, पड जरा." आयुष्यात ज्या बाईने नाटकाला कधी पाऊल ठेवलं नाही तिने रिकाम्या सतरंजीशी असा संसार मांडला की मीच एकदा सतरंजीकडे वळून पाहिलं.

"तिला हाक मारू द्या," तो म्हणाला. मग त्याने स्वतःच हाक मारली. अर्थात उत्तर आलं नाही.

"ती बोलत नाही म्हणते," मी म्हटलं. "काल जे केलंत त्यानंतर का बोलावं?"

हे मी बोलायला नको होतं, पण माझा स्वभाव तो. दारावर मूठ बसली. मग लाथ. मग तो घरात गेला आणि हातोडा घेऊन आला. मी भिंगातून बघत होते, हातोडा भिंगावरच आला आणि काचेचा चुरा आत उडाला. मी मागे झाले. तो घाव घालत होता, शिव्या देत होता, तिचं नाव घेऊन सांगत होता की तिच्या हाताचं काय करील, कोयता धरणाऱ्या हाताचं. दाराच्या फळीला चीर गेली. चौकट हलली नाही. मग त्याने बाजू बदलली आणि बिजागऱ्यांवर घाव घालायला लागला. चारपाच घाव घातले आणि थांबला. आत आम्ही दोघी भिंतीला टेकून, सासूबाईंच्या हातात खल, बत्ता तर आदल्या दिवशीच गेलेला.

बाहेरून त्याचा धापा टाकणारा आवाज आला, नेहमीच्या समजावणीच्या सुरात. "या बाजूने नाही होणार. खुंट्या मीच घातल्यात."

आणि मग कडी सरकली. कालच्यासारखीच, हळू. त्यानंतर तो आवाज, जो मी दोन वर्षं बाहेरून ऐकत आले होते आणि आतून कधी ऐकला नव्हता. कुलूप बसल्याचा. त्याने ते दोनदा ओढून बघितलं.

"आता बघतो कशी बाहेर येते," तो म्हणाला आणि जिन्याच्या पायरीवर बसला.

काल चोरांनी आमच्या दाराला जे केलं तेच आज त्याने केलं. आम्हाला पाहिजे होतं तेच घडत होतं, तो हलत नव्हता, तरीही भीती वाटायची ती वाटलीच. ही बाई रोज हे ऐकत होती. मी उगाचच सगळ्या खोल्यांतून फिरले, गॅलरीत गेले, परत आले. सासूबाईंनी मात्र खल खाली ठेवला, देवापुढे दिवा लावला आणि ओट्याशी जाऊन भात टाकला. म्हणाल्या, "बसू दे. कुलूप आहे ना त्याच्याकडे, त्याला काळजी नाही." अधूनमधून त्या सतरंजीकडे बघून काहीतरी बोलायच्या, त्याला ऐकू जाईल असं. दुपार गेली, उन्हं गॅलरीतून आत आली, तळोज्याचा वास सुटला. तो बसून होता. वरच्या मजल्यावरच्या बायका जिन्यात आल्या आणि त्याला बघून तशाच वर गेल्या.

दिवेलागणीनंतर माझा नवरा आला, बरोबर बिल्डिंगमधले आणखी दोघेतिघे. दाराची दशा बघून त्यांचा आवाज चढला. "कुलूप कोणी लावलं?"

"मी लावलंय," तो म्हणाला. "माझी बायको आत आहे."

"काढा ते."

त्याने काढलं. मी अडसर सरकवला. तो मला ढकलून आत शिरला. सतरंजी, पलंगाखाली, मोरी, गॅलरी. कपाट उघडलं. माझे कपडे जमिनीवर फेकले. ओट्यावर तीन ताटं होती, दोन उष्टी आणि तिसरं वाढलेलं तसंच, ते बघून त्याला आमचं नाटक कळलं. तो वळला, कुलूप अजून हातात होतं. मला ते येताना दिसलं. आधी काही वाटलं नाही, फक्त डावीकडचं सगळं लाल झालं आणि गरम काहीतरी मानेवरून ब्लाउजमध्ये उतरलं.

मग बिल्डिंगमधल्या पुरुषांनी त्याला जिन्यात ओढून धुतलं. डोकं पायऱ्यांवर आपटलं, तोंडावर चपला मारल्या. दोन वर्षं ज्यांना भिंतीपलीकडचं काही ऐकू येत नव्हतं ते सगळे आता शूर झाले होते. माझ्या भुवईतून रक्त गळत होतं आणि मला त्यांचाही तितकाच राग आला. मी ओरडले, "पुरे." कोणी ऐकलं नाही. अखेर सासूबाई मधे गेल्या तेव्हा थांबले. त्याला पोलीस घेऊन गेले. कुलूप पुरावा म्हणून गेलं, ते काही परत आलं नाही.

रात्रभर मला एकच घोर, एसटी सुटली ना, भाऊ आले ना.

सकाळी तिची आई आली. टोपली दाराबाहेर ठेवून फुटलेल्या भिंगातून आत बघत उभी होती. मी दार उघडलं. माझ्या डोळ्यावरची पट्टी बघून तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हातांना मासळीचा वास होता.

सासूबाईंनी मागून विचारलं, "पोचली का?"

"पोचली," ती म्हणाली.

"काय करतेय?"

"निजलीय," म्हातारी म्हणाली. "दार उगडा टाकून."

सासूबाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मग उठल्या, मला म्हणाल्या, स्क्रू ड्रायव्हर आण. आमच्या दाराची बाहेरची कडी काढायला आम्हाला दुपार झाली. चार इंची स्क्रू होते.